कै. संस्थापक आणि खरा संस्थापक

४ मार्च, मंगळवार. सकाळी ८.१०
दंतवैद्यांचा फोन. चष्मेवाले गेले. काल दुपारी दुकानातच. गिऱ्हाइकाला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, स्वतः खुर्चीत टेकले, ते उठलेच नाहीत. वाईट वाटलं. दाढी अर्धी झाली होती, ती पूर्ण केली.
आमच्या हौशी पूल लीगचे ते संस्थापक, असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. वस्तुस्थिती इथे नोंदवतो. बावीस वर्षांपूर्वी टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये आम्ही दोघंच खेळत होतो. ते म्हणाले, आपण एक लीग काढू या का? मी म्हणालो, काढा. आता निर्णय कोणी दिला?

५ मार्च
ऑफिसात साहेबांना सांगितलं, आमच्या पूल लीगचे अध्यक्ष वारले, अर्धी रजा हवी. साहेब म्हणाले, कुठला पूल, जुना की नवा? टेबलावरचा, काठीने बॉल मारायचा, म्हटलं. रजा नाही.
संकल्प: शोकसभेत मुख्य भाषण आपलं. मग अध्यक्षपद. आग्रह होईल, पण लगेच हो म्हणायचं नाही. आणि रोज तासभर सराव. मी ड्राफ्ट्समन, आयुष्य कोन मोजण्यात गेलं. ते खेळात दिसत नाहीत याला कारण हॉलमधला उजेड.
सराव उद्यापासून.

६ मार्च, गुरुवार
सामने रद्द. सगळे हॉलमध्ये नुसते उभे. नर्सबाई रडल्या. पाच वर्षं लागोपाठ जिंकतात, त्यामुळे त्यांच्या रडण्यालाही मान. (नशीब, दुसरं काही नाही. शिवाय ड्यूटीमुळे तासन्‌तास उभं राहायची सवय.)
चष्मेवाल्यांचा खेळ कसा होता हे कोणी काढलं नाही, तेच बरं. वाकले की चष्मा नाकावरून घसरायचा, मग काचेच्या वरून बघून मारायचे. चष्मे विकणारा माणूस! आणि हरले की समोरच्याचा हात असा हलवायचे, जणू जिंकले हेच. अशा माणसाला लोक मोठा म्हणतात.
शोकसभा वीस तारखेला. दंतवैद्यांनी परस्पर ठरवलं, प्रत्येकी दोन मिनिटं. दोन मिनिटांत दात निघतो, माणूस नाही.

९ मार्च, रविवार
भाषण तयार. अकरा पानं. हिला वाचून दाखवलं. ही इस्त्री करता करता ऐकत होती. म्हणाली, छान आहे, पण यात ते कुठे आहेत? म्हटलं, सातव्या पानावर येतात. तर म्हणे, तोवर लोक बसतील का?
हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.
सराव: मनगट दुखतंय. सुरू करण्याआधीच दुखतंय, म्हणजे सुरू केला असता तर केवढं दुखलं असतं.

१२ मार्च. संध्याकाळ
चिटणीस या नात्याने लीगची कागदपत्रं ताब्यात घ्यायला चष्मेवाल्यांच्या घरी. खाली दुकान, वर घर. वहिनींनी चहा केला. काउंटरवर तयार चष्म्यांची पाकिटं, प्रत्येकावर त्यांच्या अक्षरात गिऱ्हाइकाचं नाव. वहिनी म्हणाल्या, आता एकेकाला फोन करून न्यायला बोलावते आहे. मी म्हटलं, अक्षर बरं होतं.
लीगची वही दिली. देताना म्हणाल्या, तुमचं नाव घरात नेहमी निघायचं. हे म्हणायचे, त्यांना सांभाळायला हवं.
वाटलंच होतं मला. किमती वस्तू माणूस सांभाळूनच ठेवतो.

१४ मार्च
वही वाचून काढली. अंगावर काटा आला.
आमची पद्धत अशी: दर एप्रिलात फळ्यावर सगळ्यांची नावं लिहितात, आणि आठ कप्तान पाळीपाळीने एकेक नाव उचलतात. कप्तान धरून पाच जणांचा संघ. बावीस याद्या पाहिल्या. चष्मेवाल्यांच्या संघात दर वर्षी पहिलं नाव माझं! आणि पाच वर्षांपूर्वीच्या पानावर पेन्सिलीने लिहिलंय, 'नर्सबाई दंतवैद्यांना दिल्या. चिटणीस आपल्याकडेच.'
म्हणजे चॅम्पियन सोडली, पण मला सोडलं नाही. शेवटी नजर होती माणसाला. भाषणात आता ते सहाव्या पानावर येतील.

२० मार्च, गुरुवार. घरी आल्याबरोबर
शोकसभेचा विचका केला लोकांनी.
मी पहिला बोललो. माझ्या लहानपणापासून सुरुवात केली, कारण पार्श्वभूमी लागते. चौथीत होतो तिथवर आलो आणि दंतवैद्यांनी घंटी वाजवली. थांबलो नाही. पुन्हा वाजवली. मग नर्सबाईंनी येऊन कागद हातातून काढून घेतले, पेशंटच्या तोंडातून थर्मामीटर काढावा तसे.
मग दंतवैद्य बोलले. म्हणे, आमच्यात एक खेळाडू कोणालाच नको असायचा. चष्मेवाले निवडीच्या आदल्या दिवशी आम्हा कप्तानांना फोन करायचे, माझा चांगला गडी घ्या, त्याला मी घेतो, पण त्याला हसू नका, आणि त्याला कळू देऊ नका. आणि हरत राहायचे, खुशाल.
सगळे माझ्याकडे बघत होते, चिटणीस काय म्हणतात म्हणून. मी हसून मान डोलावली. वहिनींनी खाली पाहिलं.
कोण असेल तो? विमा एजंट असणार. त्याचा बॉल टेबलावर कमी आणि खाली जास्त असतो. बिचाऱ्याला तिथे बसून ऐकावं लागलं. उद्या त्याच्याशी दोन शब्द गोड बोलायला हवेत.

२१ मार्च
विमा एजंटला फोन केला. धीर दिला. म्हटलं, मनाला लावून घेऊ नका, सगळ्यांनाच जमतं असं नाही. तो मग म्हणाला, तुम्ही ठीक आहात ना?
उलटा मलाच विचारतो. धक्का बसलाय त्याला.

२७ मार्च, गुरुवार
अध्यक्षाची निवड. हात वर करून. दंतवैद्य, सदतीस मतं. मी, शून्य. मी सभ्यपणे स्वतःसाठी हात वर केला नाही, नाहीतर आकडा वेगळा दिसला असता.
चष्मेवाल्यांच्या जागी नर्सबाई कप्तान. वहिनींनी सभासदत्वाचा अर्ज दिला. उभ्या आयुष्यात क्यूची काठी हातात धरलेली नाही. म्हणे, गुरुवारी घर खायला उठतं. झालं, आता लीगचं महिला मंडळ होणार. मी विरोध नोंदवणार होतो, पण सगळे टाळ्या वाजवत होते.

३ एप्रिल, गुरुवार
निवडीचा दिवस. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. मुद्दाम पुढच्या रांगेत बसलो, नाव पुकारलं की उठायला सोपं.
पहिल्या फेरीत नर्सबाईंनी दुसऱ्याच कोणाला घेतलं. नवीन आहेत, घाबरल्या असतील. दुसरी फेरी. नाही. तिसरी. विमा एजंटला तिसऱ्या फेरीत घेतलं. त्याच्यासाठी दोघांनी तर वाद घातला.
चौथी फेरी. फळ्यावर दोन नावं उरली, मी आणि वहिनी. नर्सबाईंची पाळी. माझ्याकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, वहिनी.
शेवटची पाळी बेकरीवाल्याची. नाव एकच. तो म्हणाला, आम्ही चौघंच खेळू.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. दंतवैद्यांनी डस्टर घेतलं आणि फळा पुसला. हलक्या हाताने पुसला.
घरी चालत आलो. हिने काही विचारलं नाही. म्हणजे हिलाही माहीत होतं.

४ एप्रिल. सकाळी ७.३०
विमा एजंट नव्हता तो.

सकाळी ९.१५
वहिनींचा फोन. मला शिकवाल का, म्हणाल्या. बाकी सगळ्यांचे सामने असतात, तुम्हाला आता वेळ असेल.
कोनांबद्दल सांगायला तोंड उघडलं. आणि म्हणून बसलो, वहिनी, मला खेळता येत नाही.
त्या म्हणाल्या, माहीत आहे हो. यांनी संसारात दुसऱ्या कशाच्या ऐकवल्या नसतील इतक्या गोष्टी मला तुमच्या खेळाच्या ऐकवल्यात. हसून हसून पोट दुखायचं आमचं. क्यू कसा धरायचा एवढं तरी येतं ना?
म्हटलं, हो. तेवढं येतं.