बाबांनी न दिलेलं मत

लंडन, मे महिना

प्रिय बेला,

सुटलो गं बाई एकदाचे! कॅथलिकांना वारसाहक्क देणारं विधेयक पास झालं. तुझ्या नवऱ्याला, ॲम्ब्रोजला सांग, कॅथलिक असलास तरी तुझी जमीन आता तुझ्या लेकालाच मिळणार. प्रॉटेस्टंट होऊन त्या जमिनीवर डोळा ठेवून बसलेल्या तुझ्या चुलत दिराला म्हणावं, बस आता हात चोळत.

खालच्या सभागृहात मी विधेयकाच्या बाजूनं मत दिलं, तेव्हापासून बाबांनी माझ्याशीही बोलणं टाकलं. तू कॅथलिकाशी लग्न केल्यापासून पाच वर्षं घरात तुझं नाव काढायची सोय नव्हती. आता मीही त्याच पंगतीत. खरी धास्ती होती ती लॉर्डांच्या सभागृहाची. पाय सुजल्यामुळे बाबा गावीच, आणि आपल्या मताचा अधिकार त्यांनी विधेयकाचे कट्टर विरोधक असलेल्या थॉर्नबीकाकांना लिहून दिलेला. काका महिनाभर क्लबात मला डिवचत होते, "तुझ्या बापाचं मत माझ्या खिशात आहे रे, जास्पर!" मी आपला हसून साजरं करायचो.

काल लॉर्डांच्या सभागृहाच्या दारापाशी उभा राहून भाषणं ऐकत होतो, तर बाबा हजर! पाय फडक्यात गुंडाळलेला, एका हातात काठी, दुसरा हात नोकराच्या खांद्यावर. वाटलं, विरोध करायला जातीनं आले. लॉर्ड स्वतः आला की त्यानं दुसऱ्याला दिलेला अधिकार रद्द होतो. काकांचं तोंड बघायला हवं होतंस तू. मतदानाआधी आम्हा बाहेरच्यांना हाकललं. मी बाहेर पडतोय, तोच मागून काठी वाजली. बाबा मत न देताच उठून आले होते! विधेयक एका मतानं तरलं. काकांच्या खिशातलं मत पडलं असतं तर बरोबरी झाली असती, आणि बरोबरी झाली की तिथं विधेयक बुडतं.

मी काही बोलायच्या आत बाबा खेकसले, "अरे गाढवा, पाय ठणकत होता म्हणून उठलो. तुझ्या विधेयकाचं मला काय कौतुक?" तसल्या पायानं शंभर मैल आलेला माणूस! मी आपली मान डोलावली. गाडीत मात्र मला रडू आलं, तुझ्यापाशी लाज कसली.

आता हे पत्र घोडेस्वाराबरोबर घाईनं का धाडतोय ते सांगतो. बाबा इथून गावी परतत नाहीत. शुक्रवारी तुमच्याकडे येतायत. दार नोकराला उघडू देऊ नकोस, तूच ये. मी त्यांना म्हटलं, शुक्रवारी कॅथलिकांकडे मांस शिजत नाही. तर म्हणाले, "मासा खाईन. माझी लेक काय मला उपाशी ठेवणार आहे?"

माझी लेक म्हणाले, बेला.

तुझाच भाऊ,
जास्पर