सुतकात अडकलेला कॅमेरा

मु. जनवाडा, ता. बीदर
पौष, सन २००५

तीर्थस्वरूप रेवणसिद्धप्पा अण्णांच्या पायांवर धाकटा चुलतभाऊ धुळाप्पा याचे डोके. थोडे टोचेल, कारण केस नुकतेच उगवू लागले आहेत. आम्ही सर्व बरे आहोत. तुमची तब्येत कशी आहे? पोटाच्या ऑपरेशननंतर नीट भूक लागते का? चंद्रभागाअक्का तुम्हाला बिडी ओढू देत नाहीत ना? दर पत्रात मी हे रीत म्हणून विचारतो. या खेपेस मनापासून विचारतो आहे. तुम्ही ठणठणीत असणे मला फार गरजेचे झाले आहे, आणि थोडे अडचणीचेही.

मागे एकदा तुम्ही विचारले होते, "धुळ्या, तू एकटाच कामून हिंडायलास रं?" त्याचे उत्तर द्यायचे राहिले होते, ते आता देतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. लहानपणी मी अप्पांच्या मेंढरांमागे दिवसभर असायचो. अप्पा माळाच्या एका टोकाला, मी दुसऱ्या. मधे मेंढरे, आणि मेंढरे काही विचारत नाहीत. पुढे अप्पांनी मेंढरे विकून जमीन केली, पण ही गोष्ट माझ्या पायांना कोणी सांगितली नाही. मग तुमचा शिवराज पुण्याला कंपनीत लागला आणि पहिल्याच दिवाळीला त्याने मला एक प्लास्टिकचा कॅमेरा दिला (त्याला नवा घ्यायचा होता). पहिला रोल घेऊन मी बीदरच्या किल्ल्यात गेलो. दरवाजे काढले, घुमट काढले, तोफेवर कोणी धोतर वाळत घातले होते तेही काढले. घरी येऊन, फोटो कसे आलेत ते बघावे म्हणून कॅमेरा मागून उघडला. स्टुडिओवाल्याने रोल धुऊन उजेडात धरला आणि म्हणाला, "काका, अमावस्या लई साफ आलीय." तेव्हापासून मला सबुरी आली. काढलेले लगेच पाहायचे नाही, हे मी देवाधर्मातूनही शिकलो नव्हतो.

सुरुवातीला मी लोकांबरोबरच जात असे. पण आपल्याकडे देवाला जातो म्हटले की सगळी आळी नारळ देते. बसवंतप्पाचा नारळ, कोंडाबाईचा नारळ, कोंडाबाईच्या म्हशीचा नारळ (म्हैस गाभण राहत नव्हती. पुढे राहिली, तेव्हा म्हशीचा फोटोही काढावा लागला). नारळ फोडता फोडता ऊन निघून जाते. आणि सोबतीला माणूस असला की तो फोटोत येतो. राग मानू नका, पण कल्याणच्या वेशीचा फोटो मी संध्याकाळच्या उन्हासाठी तासभर थांबून काढत होतो आणि तुम्ही मधे येऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिलात. फोटो चांगला आला आहे. वेस तेवढी दिसत नाही. या फोटोचा विषय पुढे पुन्हा येईल.

म्हणून मी एकट्याने, कोणाला न सांगता, पहाटेच्या बसने जाऊ लागलो. गाभाऱ्यात फोटो काढू देत नाहीत, ते योग्यच आहे. मी उंबरे काढतो. झिजलेले, हळदी-कुंकवाने माखलेले, बाहेर चपला पडलेले. इतक्या वर्षांत देवाचा एकही फोटो माझ्याकडे नाही आणि मला त्याचे काही वाटत नाही. आत आहे हे ठाऊक असले म्हणजे फोटोत दिसलेच पाहिजे असे नाही. आमच्या मंडळींना, रेणुकाबाईला, मी हे समजावले, तेव्हा ती "व्हय" म्हणाली आणि कणीक मळत राहिली.

आता मूळ गोष्ट. गेल्या महिन्यात मी गाणगापूरला गेलो होतो. संगमावर घाटाच्या पायऱ्या आणि त्यांवर उतरणारी माणसे अशी एक चौकट एका विशिष्ट दगडावर बसल्यावरच नीट जमत होती. बसलो. कॅमेरा डोळ्याला लावला. तो दगड न्हाव्याचा होता. डोक्यावर पाणी पडले तेव्हा मला वाटले तीर्थ शिंपडायलेत. पुढे वस्तरा फिरू लागल्यावर हलणे धोक्याचे होते. डोके झाले, मग त्याने मिशीची एक बाजू घेतली. अर्धी मिशी घेऊन उठणे शोभले नसते, म्हणून दुसरीही दिली. देवाची इच्छा दिसते, असे समजून मी तिथेच संकल्प केला की घरी देव्हाऱ्यात दिवा लावीपर्यंत मौन धरायचे.

जनवाड्याला बसमधून उतरलो तो समोर कोंडाबाई. डोके तासलेले, मिशी गेलेली, तोंडातून शब्द नाही. तिने कपाळावर हात मारला. "आगं बया! धुळाप्पा, कोन गेलं रं? खजुरीचे अण्णाच का?" (तुमच्या ऑपरेशनची बातमी गावाला होती.) मी मान हलवली. नाही अशीच हलवली. पण थंडीने बोडके डोके थरथरत होते, त्यामुळे ती मान दुःखाने हलली असे ठरले. माझ्याआधी बातमी घरी पोहोचली. रेणुकाबाईने मला अंगणातच आंघोळ घातली आणि देव्हाऱ्याचा पडदा ओढला. भावकीतले सुतक, दहा दिवस दिवा लागणार नाही. अण्णा, तुम्ही जाणते आहात, गुंता बघा. सुतक म्हणून दिवा नाही, दिवा नाही म्हणून बोलणे नाही, आणि बोलणे नाही म्हणून सुतक नाही हे सांगता येत नाही.

लिहून सांगता आले असते हे खरे. पाटीही घरात होती. पण तोवर कोंडाबाई दुःखाच्या घरी द्यायचे म्हणून पिठलं-भाकरी घेऊन आली होती, आणि आलेले अन्न परत करू नये. दुसऱ्या दिवशी बसवंतप्पाने तुमचा वेशीपुढचा फोटो माझ्या अल्बममधून नेला, बीदरला चौकट करून आणला, आमच्या पुढच्या भिंतीला खिळा ठोकून लावला आणि हार घातला. माझा चौकटीत बसलेला हा पहिलाच फोटो. मला क्षणभर बरे वाटले, याची क्षमा असावी. मला वाटले, रेणुकाबाई आता खजुरीला जायचा हट्ट धरेल. पण तिसऱ्या दिवसापासून तिने तो विषयच काढला नाही. हारही त्याच संध्याकाळी उतरवला, फुले सुकली म्हणाली. तिच्या समजूतदारपणाचे मी मनात कौतुक केले.

सुतक फिटले तेव्हा चार माणसांदेखत मी दिवा लावला आणि सगळे सांगून टाकायला तोंड उघडले. "अण्णा..." एवढे म्हणालो. पुढचे शब्द "जिवंत आहेत" हे होते. पण अण्णा म्हणताच बायका रडू लागल्या, आणि बसवंतप्पाने मला छातीशी धरून "रड, धुळाप्पा, मोकळा हो" म्हणत तोंड आपल्या उपरण्यात दाबले. मोकळे झाल्यावर पुन्हा तोच विषय काढणे बरे दिसेना.

त्याच दिवशी रेणुकाबाईने कॅमेरा ट्रंकेत घालून कुलूप लावले. "एकटं जाऊन काय आनत्यात बघा," म्हणाली. आता मला शेतापलीकडे पाठवत नाहीत. माघात आमच्या मंगलचे लग्न आहे. तिचे थोरले चुलते म्हणून पहिली अक्षता तुमच्या हातची पडायला हवी. तरी अक्कांना घेऊन अवश्य यावे. अक्कांना आणि शिवराजला आशीर्वाद व नमस्कार ज्याचा त्याला द्यावा.

तुमचा
धुळाप्पा

ता. क. : येताना दुपारच्या बसने या. दुपारी सावली असलेली स्पष्ट दिसते. वेशीपासून चपला हातात घ्या, म्हणजे पावले पुढच्या बाजूला आहेत हे कोंडाबाईला बघता येईल. दारात एकदम उभे राहू नका. आधी चौकात बसून लोकांसमोर काहीतरी खा.

ता. क. २ : खरे म्हणजे पत्र एवढ्यासाठीच लिहिले. तुमचा शब्द रेणुकाबाई मोडत नाही. मरून परत आलेल्या माणसाचा तर मुळीच मोडणार नाही. तेव्हा ट्रंकेची चावी मला द्यायला तिला सांगावे. माझ्या पायांचे काही खरे नाही.

ता. क. ३ : अण्णा, मी रेणुका, पाया पडते. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलंय, म्हून वाचलं. तुमी खुशाल हाव हे मला तिसऱ्याच दिशी कळलंय. अक्कांचा दुकानावर फोन आल्ता, लोणच्याचं विचारायला. मागून तुमी खोकत होताव. मी कुनाला बोलले न्हाई. धा दिस हे घरात गप बसले, दळन आनलं, शेळ्या बांधल्या, म्हून चालू दिलं. चावीचं तुमी बोलू नका. ह्यांच्याकडं उंबऱ्यांचे फोटो हायेत, कोंडाबाईच्या म्हशीचा हाय, तुमचाबी हाय. माझा एकबी न्हाई. आत हाय हे ठाऊक असलं की झालं म्हनत्यात. देवाचं तसं चालत आसंल. मीबी जलमभर आतच हाय, पन मी काय देव न्हाई. तुमी आलाव की तुमचा फोटो खाली उतरतोय, खिळा रिकामा ऱ्हातोय. लग्नादिशी मी हिरवं लुगडं नेसून उंबऱ्याच्या भायेर हुबी ऱ्हानार हाय. त्यो फोटो खिळ्याला लागला की चावी देते, मग ह्यांनी एकटं कुठंबी जावं. हार तेवढा घालू नका म्हनावं.