बांधापलीकडची ओदेत

ला फोस, १४ नोव्हेंबर १९८४

लाडके गिस्लेन,

तू आणि मुलं मजेत असाल. इथे थंडी लवकर आली. बटाटे काढून तळघरात टाकले. पाववाल्याची गाडी आता रोज येत नाही, त्यामुळे शिळा पाव चावत बसतो. दातांचं विचारू नकोस.

लिहिताना सारखा उठतोय. चूल सारखी करून आलो, खिडकीतून डोकावलो, परत बसलो. पाय बरा आहे. पायाचं तुला सांगितलंच नव्हतं, नाही का?

मागच्या महिन्यात तांबडी गाय व्यायला आली. वासरू उलटं. एकटाच ओढत होतो, घसरलो, पाय मुरगळला आणि तिथेच शेणात पडून राहिलो. हाका मारल्या. त्या ओदेतने ऐकल्या. हो, बांधापलीकडचीच. बांधावरच्या अक्रोडावरून तुझ्या आईने जिच्याशी मरेपर्यंत अबोला धरला, ती. मीही इतकी वर्षं तिला पाहून मान फिरवत होतो.

गोठ्याच्या दारात येऊन म्हणाली, "मेलास का रे?"

"अजून नाही."

"मग ओरडणं बंद कर आणि दोर दे इकडे."

तिने एकटीने वासरू ओढून काढलं. कालवड आहे, धडधाकट. मग मला भिंतीला टेकवून बसवलं नि म्हणाली, "तुझ्या बायकोला हे आवडलं नसतं."

मी म्हटलं, "गाय मेलेली तर मुळीच आवडली नसती."

ती हसली. गिस्लेन, त्या बाईला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पाय बरा होईपर्यंत दूध तिनेच काढलं. सूप घेऊन यायची, पण घरात पाऊल टाकायची नाही. भांडं पायरीवर ठेवायची. पाय बरा झाला तरी येत राहिली. मीही तिची लाकडं फोडायला जाऊ लागलो. बारमध्ये मॉरीस सगळ्यांसमोर म्हणाला, "काय लेओन्स, बांध फुटला वाटतं?" मी चिडलो. पण घरी येताना शीळ घालत होतो.

इतका वेळ टाळतोय ते आता लिहितो. रविवारी मी तिला विचारलं, माझ्याशी लग्न करशील का.

ती म्हणाली, "आधी पोरीला लिही. तिच्या आईच्या घरात मी चोरासारखी शिरणार नाही. आणि तिचं उत्तर येईपर्यंत सूप बंद."

तेव्हापासून ती आलेली नाही. तिच्या धुराड्यातला धूर तेवढा दिसतो.

आईवर माझी किती माया होती ते तू पाहिलंयस. ती कमी झालेली नाही. पण तिला जाऊन चार वर्षं झाली, आणि घरात बोलायला कोणी नसलं की माणूस कोंबड्यांशी भांडायला लागतो.

तू रागावशील, ते चालेल. जे वाटेल तेच लिही. नकार दिलास तर लपवणार नाही. तुझं पत्र घेऊन तिच्या दारात जाईन, शब्दन् शब्द वाचून दाखवीन. आणि मग तिला पुन्हा विचारीन.

वाट पाहणं न जमणारा,
तुझा बाबा