प्लास्टिकच्या घराला विटांची भिंत

१२ डिसेंबर १९८५, गुरुवार
सकाळी भूमहून लाइटच्या ऑफिसचे इंजिनिअर आले. आमचं रोपांचं प्लास्टिकचं घर बाहेरूनच बघितलं. पपईच्या रोपांना ऊब म्हणून आत बल्ब लावलेत, तर म्हणे, "विजेवर तापवलेल्या जागेला पक्क्या भिंती पाहिजेत. वीटकाम. वर छत, खिडकी लहान. नवा कागद आलाय."
मी म्हणलं, "साहेब, मग रोपाला ऊन कुठून मिळंल?"
"ते कागदात नाही."
पंधरा दिवसांत भिंती, नाहीतर कनेक्शन तोडणार.

१३ डिसें.
राग उतरंना. साहेबानं दिलेला कागद तीनदा वाचला. ऑफिस, गोदाम, हॉटेल, सगळं आहे. रोप हा शब्द एकदाही नाही. लिहिणाऱ्यानं कधी कुंडीत तुळस तरी लावली असंल का?
सोसायटीत आम्ही अकरा बाया. सातवी शिकलेली मी एकटी, म्हणून सेक्रेटरी. दोन दुष्काळी वर्षं खडी फोडली, तेव्हा कुठं हे रोपांचं काम उभं केलं. आपल्या हातचं. आता त्यात विटा...

१७ डिसें.
अध्यक्ष काशाबाई म्हणल्या, "सुमन, साहेबाचं एक खरं हाय. रातीत समदी ऊब उडून जाती. सकाळी पलाष्टिक लई गार लागतंय."
खोटं नाही. वीज वाया जाते हे मलाही दिसतं. पण म्हणून अंधारकोठडी?
काशाबाईंनी गोणपाटं जमवली. आत चिंध्या घालून बाया वाकळा शिवायला बसल्या.

२३ डिसें.
वाकळा झाल्या. दिवस मावळायला घरावर पांघरायच्या, ऊन आलं की गुंडाळायच्या. निम्मे बल्ब काढले तरी सकाळी आत उबदार. मीटरचा आकडा रोज लिहून ठेवते.

२७ डिसें.
साहेब आले. मीटरची वही दाखवली. बघितली. वाकळ हातानं दाबून बघितली.
"काम चांगलंय, बाई. पण याला भिंत म्हणता येत नाही."
काशाबाई म्हणल्या, "मग वाकळ म्हणा की. तसंच लिवा."
साहेब हसले. हसून तोडायचा हुकूम दिला. पोलवर चढला तो वायरमन आमच्या अकरा जणींतल्या भागीरथीचा नवरा. ती खाली उभी राहून बघत होती.

३० डिसें.
नुसत्या वाकळांवर मधली रोपं तगलीत. कडेच्या ओळींनी माना टाकल्या.
वीज परत जोडायचा अर्ज घेऊन एस.टी.नं उस्मानाबादच्या मोठ्या ऑफिसात गेले. बाबू म्हणला, "जागा कसली? गोदाम लिहू का हॉटेल?"
"दोन्ही न्हाय."
"तिसरा रकाना नाही."
त्याच्या हातातनं अर्ज घेतला. कडेला रेघ ओढून लिहिलं, 'जिवंत रोपं'.
"असं चालत नसतं, बाई."
"चालंल. शिक्का मारा."
तासभर टेबलापुढून हलले नाही. शेवटी मारला.

४ जाने. ८६
उत्तर नाही. थंडी वाढलीय. आणखी एक ओळ गेली.
सकाळी गेले तर पोलाखाली भागीरथीचा नवरा. शिडी आणलेली. विचारलं, "जोडायचा हुकूम आला व्हय?"
"न्हाय. तरी आलो."
शिडी पोलाला टेकवून तसाच उभा राहिला. भागीरथीनं त्याच्याकडं एकदा बघितलं. आम्ही वाकळा गुंडाळायला घेतल्या.