चार बोटांचं माप

अबायांग,
३ मार्च १९९४

तीर्थस्वरूप ताईस,
कारोतूचा शि. सा. न.

या हातांनी आजवर एकोणीस होड्या केल्या, अकरा शिडं शिवली, पावसाच्या पाण्याची दोन टाकी बांधली आणि ज्या चष्म्यातून हे पत्र लिहितोय त्याची डावी दांडी कासवाच्या पाठीची घडवली. शाळा सहावीपर्यंत. इंग्रजी शब्दकोशाकडून शिकलो, होडी कुणाकडूनच नाही. तुझ्या वाचनालयाच्या पत्रकात ‘वाचकाची ओळख’ म्हणून एवढं पुरे.

पुस्तकं परत पाठवतोय. बर्फावरच्या पुस्तकात लेखकाचे पाय गारठले, तेव्हा मी इथं घामानं निथळत होतो. तरी पायांवर चटई ओढून घेतली. याहून मोठी शाबासकी मला येत नाही. मधमाश्यांचं पुस्तक चांगलं आहे, पण राणीला मान किती आणि काम किती याचा हिशेब लेखकानं नीट केलेला नाही. झोपेवरच्या पुस्तकानं चौथ्या प्रकरणात मला झोपवलं. ते आपल्या विषयाला जागलं म्हणायचं.

राहिलं मिस हॅलोरनचं आपल्या होड्यांवरचं पुस्तक. बाई आपल्या बेटावर राहून गेली म्हणे. पान ६१ वर ती लिहिते की होडीचं पोट तोल धरणाऱ्या उलांडीच्या बाजूला चार बोटं जास्त फुगवावं. दोन बोटं, ताई. मी एकोणीस वेळा दोन बोटं धरली आहेत. बाईंना बोटंसुद्धा मोजता येत नाहीत, असं मी अभिप्रायात लिहिलंय. त्यातला एक शब्द गाळू नकोस.

सुकाणूवाला तेबाऊ लांबच्या फेरीनंतर अजून कुरकुरतो, की माझ्या होड्या उलांडीकडे ओढतात, खांदे भरून येतात. त्याला सांगितलं, खांदे बदल.

लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
कारोतू

बेसिओ, तारावा,
१८ जून १९९४

चि. कारोतूस,
तेबेइयाचे अनेक आशीर्वाद.

पाठवलेली सुकी मासळी पोचली. माझ्या धाकट्या लेकीनं एकटीनं निम्मी फस्त केली.

आता जे लिहायचंय ते तीन दिवस टाळलं. तुझा अभिप्राय मी न वाचताच टंकलेखनाला दिला. तुझं अक्षर सुबक, चूक कधी नसते, म्हणून. ती माझी चूक. पत्रक अ‍ॅडलेडला गेलं आणि मिस हॅलोरनचं उत्तर आलं. बाई एक्याऐंशी वर्षांची आहे. रागावलेली नाही. लिहिते की एवढ्या अनुभवी कारागिराचं म्हणणं खरंच असणार, आपल्या वहीत चुकून चार पडलं असेल. सप्टेंबरात नवी आवृत्ती छापायला जाते आहे, तीत दोन करून घेते.

कारोतू, ते चार बिरिबोमामानं सांगितलेलं आहे. तू रांगत होतास तेव्हा ती बाई मामाकडेच राहत होती. रीतसर तंबाखूच्या कांड्या पुढं ठेवून तिनं विचारलं आणि चौदा दिवस मांडी घालून बसली. मागेल त्याला विद्या द्यायची, न मागणाऱ्याला नाही, मग तो घरचा का असेना. ही रीत तुला मी सांगायला नको. तू केवड्याच्या झापांआडून मामाला होडी बांधताना बघायचास ते त्याला ठाऊक होतं. तू असलास की तो दोन बोटं धरायचा आणि तू गेल्यावर फळ्यांचे दोर सोडवून चार करायचा. पोरगा एक दिवस तंबाखू घेऊन समोर येईल, म्हणून वाट बघत राहिला. तू गावभर सांगत राहिलास की मागायचं कशाला, देवानं डोळे दिलेत. शेवटच्या आजारात मामानं मला हे सांगितलं आणि बजावलं की त्यानं विचारलं तरच सांग. तू मलाही कधी विचारलं नाहीस. आज मी मामाचा शब्द मोडते आहे, कारण मामाचं खरं माप जगात आता त्या एका पानावर आहे आणि ते तुझ्या शब्दावरून पुसलं जाणार आहे. बाई माझं ऐकणार नाही. मी कारागीर नाही. तूच लिहायला हवंस.

रागावलास तरी चालेल, जेवण सोडू नकोस.

तुझी,
ताई

अबायांग,
२ ऑगस्ट १९९४

तीर्थस्वरूप ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र चार दिवस पुन्हा पुन्हा वाचलं. पाचव्या दिवशी बांधायला घेतलेल्या होडीचे दोर सोडले आणि चार बोटं धरली. महिन्याभरानं ती पाण्यात गेली. तेबाऊ खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आला, होडी वाळूवर ओढली आणि मला विचारलं की ही कुणी केली. मी केली म्हणालो. त्यानं उजवा खांदा चोळला आणि घरी गेला. सोळा वर्षं तो माणूस खरं सांगत होता आणि मी त्याला हसत होतो.

मिस हॅलोरनला पत्र गेलं. लिहिलंय की चार हेच खरं, दोन हे चोरून बघणाऱ्याचं माप, आणि तो चोर मी. शब्दकोश न उघडता लिहिलं. याच मजकुराची प्रत पत्रकाच्या पहिल्या पानावर छाप, माझ्या नावासकट. मी चूक दाखवताना मोठ्या अक्षरात दाखवली होती, तेव्हा हेही त्याच अक्षरात.

मानेआबात, गावच्या सभाघरात, सगळं गाव बसलं असताना उभा राहून सांगितलं. आधी कुणी हसलं नाही, ते फार जड गेलं. मग थोरल्या म्हाताऱ्यानं विचारलं, की उरलेली दोन बोटं इतकी वर्षं कुठं लपवली होतीस. तेव्हा हसले. मीही हसलो असेन. एकोणीसच्या एकोणीस होड्या फुकट सोडवून बांधून देणार आहे. पाच जणांनी नको म्हटलं, त्यांना आता सवय झाली आहे.

मामाच्या थडग्यावर तंबाखूच्या कांड्या ठेवून आलो. काय मागायचं ते मात्र सुचलं नाही.

जवळ ठेव, दूर लोटू नकोस.

तुझा,
कारोतू

ता. क. मागच्या बोटीनं सुवा शहरातल्या एका प्रकाशकाचं पत्र आलं. माझे एक्केचाळीस अभिप्राय एकत्र छापून वर माझं नाव घालायचं म्हणतो. नको म्हणून कळवलं. बाराशे डॉलर देत होता.