कावळ्याले दिलेला शब्द

लाइपझिग, १४ फेब्रुवारी

तीर्थरूप किशोरदादाले,

‘तीर्थरूप’ सवयीनं लिहून गेलं, राहू दे आता.

मी बरी आहे. जेवते, झोपते. थंडी कमी झाली. परीक्षेत पास झाली. तुले तेच पाहिजे होतं ना? फोन करत नाही, कारण फोनवर तू रडतो आन् मंग मलेच तुले समजवावं लागते.

बाबा बीपीची गोळी वेळेवर घेतात का? आईनं घातलेल्या लोणच्याच्या बरणीले कोणाचा ओला हात लागू देऊ नको. तेवढंच उरलं आहे तिच्या हातचं.

आई गेल्यावर पंधरा दिवस तू मले ‘आई झोपली आहे’ असं लिहीत राहिला. माह्या वाढदिवसाच्या केकचा व्हिडिओ मी पाठवला, ‘आईले दाखव’ म्हटलं. तू लिहिलं, ‘पाहून हसली.’ त्या दिवशी तू तिची राख सावडून आला होता.

काल अचलपूरच्या आत्यानं फोनवर सांगितलं. दहाव्याले नदीवर पिंडाले कावळा शिवत नव्हता. दोन तास सारे खोळंबले. ‘बाबाले सांभाळतो’ म्हटलं, तरी शिवला नाही. मंग तू हात जोडून म्हटलं, ‘आई, आजच प्रणालीले सांगतो,’ आन् कावळा लगेच आला.

मले तू सांगितलं पाच दिवसांनी, पेपर संपल्यावर.

मले फसवणं सोपं होतं, मी दूर होती. पण आई तर तुह्या समोर येऊन बसली होती, दादा.

बाबाले माहा नमस्कार सांग. या वेळी खरंच सांग.

तुही बहीण,
प्रणाली