तुमच्या जागी उभा राहिलेला माणूस

आण्णा, मागच्या महिन्यात बीडमध्ये एका अनोळखी माणसाला मी माझे वडील म्हणून तुमच्या जागी उभं केलं. जालन्याकडचा कुणी बँकेत नोकरी केलेला गृहस्थ, तुमच्यापेक्षा बुटका, गळ्यात चष्म्याची दोरी. तुम्ही जिवंत असतात आणि बघितलं असतं तर हसला असतात. म्हणजे हसला नसतातच, नुसते बघत राहिला असतात.

पूर्वी माझ्याबरोबर शाळेत शिकवणारी एक मैत्रीण मला तिथं घेऊन गेली. मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर वीसेक माणसं गोल करून बसलेली, मधे सतरंजी. ह्याला फॅमिली कॉन्स्टेलेशन म्हणतात. आपल्या घरातल्या माणसांच्या जागी परक्यांना उभं करायचं, आणि त्यांना उभ्या उभ्या काय वाटतं ते त्यांनी सांगायचं. कार्यक्रम घेणाऱ्या बाई पुण्याहून आलेल्या, साठीच्या, अनवाणी, सुती साडीतल्या. बोलणं जवळजवळ नाहीच. कुणाच्या तरी मागे हातभर अंतरावर जाऊन उभ्या राहायच्या, आणि त्या माणसाचे खांदे आपोआप खाली यायचे. एकजण तर बाई नुसत्या जवळ आल्या म्हणून रडायला लागला. मी तीस वर्षं विज्ञान शिकवलंय, माझा असल्यावर विश्वास बसत नाही. सकाळभर मी त्यांच्यावर नजर ठेवून होते. त्या आधी माणसाचे पाय बघतात, मग श्वास, मग बोलतात, हे मी टिपलं. सकाळी फॉर्म भरून घेतला होता, त्यात गाव आणि वडिलांचं काम होतं, हेही लक्षात ठेवलं. जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणीला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "तू माझ्याबद्दल काही सांगितलंस का?" ती चिडली.

दुपारी माझी पाळी आली. तुमच्या जागचा माणूस सतरंजीवर उभा राहिला आणि खाली बघायला लागला. बराच वेळ. बाई म्हणाल्या, "हे कुणाला तरी शोधताहेत. तुमच्या घरातून कोण निघून गेलं?" मला मनातून हसू आलं. बीड जिल्ह्यात हा प्रश्न कुठल्याही घरी विचारा, लागू पडणारच. दिवाळी झाली की अर्धी गावं ऊसतोडीला जातात. मी म्हणाले, "कुणी नाही."

बाईंनी आग्रह केला नाही. त्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि थांबल्या. मला ते थांबणं ओळखीचं होतं. गावच्या दूध संस्थेचे सचिव म्हणून सकाळी दूध घेताना तुम्ही असेच थांबायचात. लॅक्टोमीटर जास्त बुडाला की तुम्ही काही विचारायचा नाहीत, फक्त समोरच्याकडे बघायचात. आणि समोरचा, मग तो केवढाही बाप्या असो, आपणहून बोलायचा, "आण्णा, चुकलं. घातलं थोडं पानी."

त्या दिवशी मीही बोलले. एकसष्टाव्या वर्षी, वीस अनोळखी लोकांसमोर म्हणाले, "दूध मी सांडलं होतं."

आता तुम्हाला सांगते. दुष्काळाचं दुसरं वर्ष, मी दहा वर्षांची. नवऱ्यानं टाकलेली आत्या आपल्या शेजारच्या खोलीत राहायची, एक गाय होती तिची. त्या सकाळी ती चाऱ्यासाठी जनावरांच्या छावणीवर गेली होती, म्हणून तिचं दूध संस्थेत पोचवायला माझ्याकडे दिलेलं. टँकर आलेला, बायांची झुंबड. कुणाचा तरी हंडा लागला आणि निम्मी किटली माझ्या परकरावर सांडली. मी घाबरून टँकरच्या नळीखाली किटली धरली. तुम्ही लॅक्टोमीटर सोडला, तो बुडाला. तुम्ही विचारलं, "कुणाचं दूध?" मी म्हणाले, आत्याचं. तेवढंच म्हणाले.

तुम्ही तिला बोलावून घेतलंत. सगळा गाव रांगेत होता. ती म्हणाली, "दादा, म्या पानी न्हाई घातलं. गाईच्यान." तुम्ही तिच्याकडे तसंच बघत राहिलात. ती काही कबूल करेना. मग तुम्ही दूध मातीत ओतलंत आणि म्हणालात, "सचिवाच्या बहिनीला येगळा कायदा न्हाई." दिवाळीनंतर ती ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेली ती परत आली नाही. आपल्या घरात तिचं नाव कुणी काढलं नाही, मीही नाही.

त्या कार्यक्रमानंतर आठ दिवसांनी मी आष्टीला गेले. आत्या तिथं धाकट्या दिराच्या मुलाकडे असते हे मला पूर्वीपासून माहीत होतं. पंच्याऐंशीची झालीय, कान चांगले आहेत. मी दारातच सांगून टाकलं, "आत्या, ते पाणी मी घातलं होतं."

"मला ठावं हाय की," ती म्हणाली. "तुझ्या परकराला दुदाचा वास येत व्हता."

"मग बोलली कावून न्हाईस?"

"तुला जिती ठेवली असती का त्यानं?" आणि पुढं म्हणाली, "त्यालाबी कळलंतं. तुझ्या आईनं परकर धुतला तवाच, तिनंच सांगितलं मला. त्या साली साखर कारखान्यावर आलता तुझा बाप. माझ्या पाचटाच्या कोपीसमोर दोन घंटे उभा व्हता."

"काय म्हणाले?"

"काय न्हाई. घरी चल येवढं म्हनला असता तर मी गेले असते. उभा राहिला, उभा राहिला अन् गेला."

आण्णा, तुमच्या त्या उभं राहण्याला आम्ही दरारा समजत होतो. मला आता शंका येते, संस्थेच्या ओट्यावर तरी तो दरारा होता की तिथंही तुम्हाला बोलताच येत नव्हतं? तुम्हाला कळलेलं असताना तुम्ही मला एक शब्द का विचारला नाहीत? मी आयुष्यभर तुमच्या नजरेला नजर दिली नाही, आणि तुम्ही ते बघत होतात.

बाईंचंही मला कोडं सुटलेलं नाही. त्यांचं गप्प उभं राहणं ही कला असेल, सवय असेल, नाहीतर त्यांनाही पुढचं काही सुचत नसेल. माझ्या तोंडून खरं निघालं म्हणून त्या खऱ्या ठरत नाहीत, असं मी मैत्रिणीला ठणकावून सांगितलं.

आत्याला मी म्हणाले होते की आण्णांना एक पत्र लिहिते, तुला वाचून दाखवते. दाखवणार नाही. ती तुमची बाजू घेईल, आणि ते मला आत्ता ऐकवणार नाही.

परवा बाईंचा फोन आला होता. त्यांनी विचारलं, कशा आहात, काही झालं का? मी म्हणाले, छे, काही फरक पडला नाही. आष्टीचं त्यांना सांगितलं नाही. त्यांना श्रेय द्यायची माझी इच्छा नव्हती, दुसरं कारण नाही.